न हासणारी डॉक्टरबाई

तुमसरात मला दोन नावं आहेत. एक दवाखान्याच्या पाटीवर रंगवलेलं. ते फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दुसरं लोकांनी ठेवलेलं, 'न हासणारी डॉक्टरबाई'. बसस्टँडवर ऑटोवाल्याला पाटीवरचं नाव सांगितलं तर तो शेजारच्याला विचारायचा. दुसरं नाव सांगितलं की पेशंटला थेट माझ्या पायरीशी आणून सोडायचा. ज्या नावानं जन्मभर पेशंट आले त्या नावाबद्दल कुरकुर करू नये, एवढं मला कळतं. पण खरं सांगायचं तर मी मुळात हसऱ्या स्वभावाची. सानगडीला आमच्या घरी आई माझ्या हसण्यानं वैतागलेली असायची. "पाहुन्यासमोर दात नोको काढत जाऊ वो पोरी," हे तिचं रोजचं वाक्य होतं.

हसू गेलं ते धंद्यापायी. आता सोनोग्राफीचं मशीन दुसऱ्याकडे गेलं, खोलीला कुलूप लागलं. दिवाळी अंकासाठी काही लिहा असा निरोप आला तेव्हा मला हुरूप आला. म्हटलं, चार गमती लिहू, लोक हसतील, माझं नाव जरा तरी खोटं ठरेल. लिहायला बसले तर गमतींच्या मागोमाग करडी गावच्या शेवंताबाई येऊन बसल्या. त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्यापाशी होतं आणि मी ते दिलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न माझ्याकडे पडून आहे.

पण गंमत आधी सांगते, कारण शेवंताबाईंच्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी असते, इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. कायदाच तसा आहे. तो चांगला आहे आणि हवाच आहे. पण पाटी वाचून माणसाची उत्सुकता थोडीच मरते? लोकांची पक्की समजूत असते की बाईला सगळं ठाऊक आहे, तोंडानं बोलत नाही एवढंच, पण कुठं ना कुठं खूण केल्याशिवाय राहणार नाही. मग ते खुणा शोधत बसतात. पोटावरची जेली पुसायला मी कागद डाव्या हातानं दिला की उजव्या. पेशंटला 'बाई' म्हटलं की 'बेटा'. बाहेर आल्यावर आधी सासूकडे पाहिलं की नवऱ्याकडे. सुतावरून स्वर्ग गाठणारी मंडळी ही, आणि सूत म्हणजे मी.

सुरुवातीच्या काळात मी घरच्या एका माणसाला दाराशी उभं राहू द्यायची. मशीनचा पडदा त्याला दिसत नसे, माझा चेहरा मात्र दिसायचा. आंबागडचे एक म्हातारे सुनेला घेऊन आले होते. तपासता तपासता पोटातल्या बाळानं जांभई दिली. पोटातली मुलं जांभया देतात हे पुष्कळांना माहीत नसतं. इवलंसं तोंड उघडतं, चांगलं उघडं राहतं, मग मिटतं आणि मूल असं पडून राहतं की वाटावं, दिवसभर बांधीत, म्हणजे भातशेतात, धान रोवून आलंय. मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल, पण दर वेळी हसू यायचंच. त्या दिवशीही मी मोठ्यानं हसले.

म्हाताऱ्यांनी त्यातून काय तो बोध घेतला. गावात पेढे वाटले, नातवाचं नावही ठरवून ठेवलं. मुलगी झाली तेव्हा ते तुमसरला आले आणि भरल्या वेटिंग रूममध्ये माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, तुमी हासल्या होत्या."

मी त्यांना जांभईचं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जांभई तं पोरगीबी देते. मंग हासाच्या आंधी तसं सांगाव लागत होतं ना."

वेटिंग रूम हसली. मीही नंतर घरी सांगताना हसले. पण अंथरुणावर पडल्यावर हसू विरलं. त्या घरी मुलगी जन्माला आली, वाढली, चांगलं झालं. पण बाळानं जांभई दिली नसती आणि मी हसले नसते, तर त्या न हसण्याचा अर्थ त्यांनी काय लावला असता? आणि तो लावून सुनेला कुठं नेलं असतं? तेव्हापासून मी ठरवलं, सगळ्यांना एकच चेहरा. बरं दिसलं तरी तोच, वाईट दिसलं तरी तोच. घरच्या माणसाला दाराशी उभं करणं बंद केलं. तपासताना बोलणंही बंद केलं, कारण मी 'छान' म्हटलं तरी त्यातून काहीतरी निघायचं. माझी मदतनीस सुनंदा म्हणायची, "मॅडम, तुमच्यापरीस मशीन जास्त बोलते." मला ते कौतुक वाटायचं. माझ्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळत नाही याचा मला अभिमान होता, हे लपवत नाही.

आता कामाचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

पाचव्या महिन्यात जी सोनोग्राफी करतात तिच्यात बाळ डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. हृदयाचे चार कप्पे, मणके, मूत्रपिंडं, हातपाय. ओठसुद्धा, कारण काही बाळांचे ओठ दुभंगलेले असतात. घरच्यांना वाटतं बाळ पाहिलं की काम झालं. पण बाळाइतकंच महत्त्वाचं आणखी एक ठिकाण असतं, ते म्हणजे गर्भपिशवीचं तोंड. धानाचं पोतं कितीही भरा, तोंड घट्ट शिवलेलं असेल तर दाणा सांडत नाही. पिशवीचं तसंच आहे. तिचं तोंड म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी नळी असते, आणि नऊ महिने ती मिटून राहायला हवी. काही बायकांची ती नळी वेळेआधीच आखूड व्हायला लागते. आतल्या बाजूनं हळूहळू उघडत जाते. आधी इंग्रजी टी अक्षरासारखी दिसणारी जागा वायसारखी होते, मग व्हीसारखी, मग यूसारखी. बाईला यातलं काहीही जाणवत नाही. पोट दुखत नाही, अंगावर जात नाही, ती घरी भाकरी थापत असते. कळतं ते फक्त आम्हाला, मशीनवर, तेही नीट पाहिलं तर.

नीट पाहणं सोपं नाही. सोनोग्राफीला येताना पाणी पिऊन यायचं असतं हे आता गावोगाव माहीत झालंय, आणि आमच्याकडच्या बायका सांगितलेलं काम अंगचोरपणा न करता करतात. एक बाई तर येताना कळशी रिकामी करून आली होती. खुर्चीवर बसवेना, उभंही राहवेना. पण भरलेली लघवीची पिशवी गर्भपिशवीच्या तोंडाला दाबते आणि आखूड तोंडसुद्धा लांब दिसायला लागतं. पाहणारा फसतो. म्हणून जराही शंका आली की बाईला लघवीला पाठवायचं आणि मग आतून तपासायचं. आतून म्हटलं की बाई दचकते, सासू दचकते, नवरा तर खोलीच्या बाहेरूनच दचकतो. किती जणी त्या शब्दालाच उठून गेल्या. मी कोणावर जबरदस्ती केली नाही, पण समजावण्यात कधी कमी पडले नाही.

आखूड तोंड म्हणजे बाळ लवकर येणारच, असंही नाही. तुमसरच्याच एका शाळेतल्या बाईंचं तोंड इतकं आखूड होतं की मी त्यांना नागपूरचं हॉस्पिटल पाहून ठेवा म्हटलं. त्यांनी गोळ्या घेतल्या, पूर्ण नऊ महिने काढले, वर चार दिवस जास्त घेतले. मुलगा आता दांडगाई करतो आणि बाई रस्त्यात भेटल्या की म्हणतात, "काय घाबरवलं होतं तुमी मले." मी ते बोलणं आनंदानं ऐकून घेते. उलट काहींचं तोंड चांगलं लांब होतं आणि तरी बाळ सातव्यात आलं. आम्हाला धोका दिसतो, निकाल दिसत नाही. या धंद्यात राहायचं तर हे पचवावं लागतं. मला ते नीट पचलं असं वाटत होतं.

शेवंताबाईंची सून पल्लवी रोवण्याच्या दिवसांत आली. रोवणा म्हणजे धानाची लावणी. त्या दिवसांत आमच्या भागात घरात कोणी सापडत नाही, सगळी माणसं चिखलात. अशा वेळी सासू स्वतः सुनेला घेऊन येते म्हणजे घर चांगलं, हा माझा अनुभव. शेवंताबाई तशाच बांधीतून आलेल्या दिसत होत्या. पाय धुतले होते, पण नखांत चिखल होता. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. सून विशीतली, लाजरी, प्रत्येक गोष्टीला आधी सासूकडे पाहणारी.

"पहिलटकरीन हाय बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "पाचवा सुरू हाय. नीट पाहा."

त्या बाहेर बाकावर बसल्या. आत मी, पल्लवी आणि सुनंदा. खोलीत अंधार असतो, उजेड काय तो पडद्याचा, आणि तो सगळा माझ्या तोंडावर पडतो. पेशंटला पडदा दिसू नये म्हणून मी तो माझ्याकडे वळवून ठेवायची. म्हणजे निजलेल्या बाईला पाहण्यासारखं एकच असतं, माझा चेहरा. हे माझ्या तेव्हा कधी ध्यानात आलं नाही.

बाळ छान होतं. हृदय चांगलं, मणके सरळ. ओठ पाहत होते तेवढ्यात बाळानं जांभई दिली. चांगली मोठी, ऐसपैस. हसू माझ्या ओठांपर्यंत आलं. मग आंबागडचे म्हातारे आठवले आणि मी ओठ आवळून घेतले.

पुढच्या क्षणी मी जांभई विसरले, कारण पिशवीच्या तोंडाकडे लक्ष गेलं. लांबी बरी दिसत होती, पण पल्लवी पाणी भरपूर प्यायली होती आणि आतल्या टोकाचा आकार मला आवडला नाही. तिला लघवीला पाठवलं. आतून तपासावं लागेल, दुखणार नाही, असं सांगितलं. तिनं ओढणी तोंडावर घेतली आणि मानेनं हो म्हटलं. आतून पाहिलं तेव्हा सगळं स्पष्ट झालं. तोंड आखूड होतं, आतून व्हीसारखं उघडलेलं. मोजमाप एकदाच घ्यायचं नसतं. मी पुन्हा पुन्हा घेतलं आणि दर वेळी तेच आलं.

मी तिथूनच आमच्या गावातल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन लावला. आम्ही दोघी नेहमीसारखं इंग्रजीत बोललो. पेशंट घाबरू नये म्हणून मी आवाज खाली ठेवला. त्यांनी गोळ्या लिहायला सांगितल्या. या गोळ्या गर्भ टिकवणाऱ्या असतात, त्या झोपताना खालून आत ठेवायच्या. सुनंदानं समोरच्या मेडिकलमधून त्या आणल्या. मग मी शेवंताबाईंना आत बोलावलं.

"लेकरू बरं हाय ना बाई?"

"लेकरू चांगलं हाये. पन पिशवीचं तोंड कच्चं हाये. या गोळ्या रोज झोपताना खालून ठेवाच्या. एकबी दिवस चुकवाच्या नाहीत. हिनं ओझं उचलाचं नाही, बांधीत वाकाचं नाही. अन् सोमवारी परत या, मी पुन्हा मोजून पाहातो."

शेवंताबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "गोळ्या खालून?"

"हो."

"अन् सोमवारी परत?"

"हो. काई इचाराचं हाये का?"

"नाही बाई," त्या म्हणाल्या. गोळ्यांचा पुडा त्यांनी पदराच्या टोकात बांधला, सुनेचा हात धरला आणि निघाल्या. इतकं शांतपणे ऐकून घेणारी सासू फार क्वचित भेटते. बहुतेक जणी 'आमच्या वेळी असं नव्हतं'पासून सुरू करतात. मला बरं वाटलं. सुनंदाला मी म्हटलंही, ही पोरगी सुखरूप बाळंत होईल, सासू शहाणी आहे.

सोमवारी त्या आल्या नाहीत. सुनंदानं फोन केला तर शेवंताबाईंनीच उचलला. रोवणा आटोपला की येतो, गोळ्या सुरू हायेत, म्हणाल्या. डॉक्टरांनी आशाताईंकडून, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीकडून, चौकशी केली, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. आम्ही विश्वास ठेवला. न ठेवण्याचं काही कारणही नव्हतं.

पोळ्याच्या सुमारास पल्लवीच्या पोटात दुखायला लागलं. तुमसरला आणलं तोवर थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाळंत झाली, मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. नागपूरला नेली. काही दिवस तिथं काचेच्या पेटीत होती, मग गेली. डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्यासमोर दुसरी एक पेशंट निजलेली होती. मी फोन ठेवला आणि तपासत राहिले. माझ्या चेहऱ्यावरून तिला काही कळलं नसणार, माझी सवयच तशी.

दिवाळी झाली. गावोगाव मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरून उठली, धान कापणीला आलं. एका दुपारी वेटिंग रूम रिकामी झाली असताना शेवंताबाई एकट्याच आल्या. मी जेवायला उठत होते. त्या पेशंटच्या स्टुलावर बसल्या. बऱ्याच वाळल्या होत्या.

"बाई, एक इचाराचं होतं. नागपूरच्या डॉक्टरीनबाईनं आमाले इचारलं, गोळ्या ठेवल्या का म्हनून. मी म्हटलं, नाही ठेवल्या. तं त्या म्हने, त्या तं लेकरू टिकाव म्हनून होत्या. खरं हाय का हे?"

"खरं हाये," मी म्हटलं. "तुमी फोनवर तं म्हटलं, सुरू हायेत."

"खोटं सांगतलं."

मला राग आला, हे मान्य करते. इतकं समजावलं, फोन केले, आशाताईंना पाठवलं, आणि ही बाई खोटं बोलली. "काहून?" मी विचारलं, आणि ते मी चढ्या आवाजात विचारलं.

शेवंताबाई हाताच्या नखांकडे पाहत बोलत राहिल्या. त्यांना पहिल्या दोन मुली. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा सासऱ्यांनी त्यांना दूरच्या एका शहरात नेलं. "तिथला डॉक्टर मशीनीत पाहाचा अन् काईच नाही बोलाचा. तोंड असं दगडावानी. मंग दुसऱ्या डॉक्टरसंग हळूहळू इंग्रजीत बोलला. मंग खालून औषध ठेवलं अन् म्हने, लेकरू बरं हाय, सोमवारी परत या. मले कोनी काई सांगतलं नाही बाई. पोट दुखाले लागलं तवा मले समजलं. पोरगी होती. मी पाह्यलं तिले."

मी उभी होते ती खुर्चीवर बसले.

"तुमीबी तसंच केलं ना," त्या म्हणाल्या. आवाजात आरोप नव्हता. झालं ते सांगत होत्या. "घरी गेल्यावर पल्लवी म्हने, बाईले मशीनीत पाहून हासू आलतं, मंग बाईनं तोंड दाबून घेतलं अन् एकदम गंभीर झाली. मी समजली. म्हटलं, पोरगी हाय, या बाईनं वळखलं. कोनास ठाव, माह्या पोरानंच तुमाले गुपचूप इचारलं असन का काय. मी पल्लवीले म्हटलं, माही गेली तशी तुही नाही जाऊ देनार. पोरगी तं पोरगी. तुह्या नवऱ्याले काई सांगू नोको, कोनी इचारलं तं गोळ्या सुरू हायेत म्हन. अन् गोळ्या मी बोडीत फेकून देल्या."

बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. त्या गोळ्या त्या पाण्यात गेल्या.

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही म्हण मी शाळेपासून ऐकत आले. तिचा अर्थ मला त्या दुपारी कळला. ही बाई सुनेशी वाईट वागली नव्हती, अडाणीपणानं हट्ट केला नव्हता. एकदा तिला न विचारता तिची मुलगी नेली होती, म्हणून या वेळी ती नातीच्या आड उभी राहिली. सगळ्यांशी खोटं बोलून उभी राहिली. आणि ज्यातून तिनं हा सगळा अर्थ काढला ते सगळं मी केलं होतं. इंग्रजीत हळू बोलले, खालून ठेवायच्या गोळ्या दिल्या, सोमवारी परत या म्हटलं. प्रत्येक गोष्ट बरोबर होती. माझ्याजागी कोणीही तेच केलं असतं. तरी मला आतून इतकी लाज वाटली की वर पाहवेना. माझा राग तर कुठल्या कुठे गेला होता.

"बाई," त्यांनी विचारलं, "ठेवल्या असत्या तं जगली असती का?"

जगली असती म्हणावं तर ही बाई उरलेलं आयुष्य त्या बोडीच्या काठावर काढणार. नसती म्हणावं तर ते खोटं. मी जे खरं होतं ते सांगितलं. "ते मले सांगता येत नाही शेवंताबाई. गोळ्यानं धोका कमी होते, पन गोळ्या घेऊनबी कोनाचं लेकरू लवकर येते. न घेताबी कोनाचं राहाते. तुमच्या नातीचं काय झालं असतं, कोनालेच नाही सांगता येत."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. उजेडात, जवळून, बराच वेळ. मी खरं बोलते की समजूत घालते ते त्यांना वाचायचं होतं. पण इतक्या वर्षांत तो चेहरा माझा राहिला नव्हता. रडू यायला हवं होतं, ते काही येईना.

"तुमच्या तोंडावरून काई समजत नाही बाई," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी तपासताना बोलायला लागले. दुसरा पडदा बसवून घेतला, निजलेल्या बाईला दिसेल असा. हे हृदय, हा हात, हे पिशवीचं तोंड, हे असं असायला हवं आणि तुमचं असं आहे. फोनवरही मी पेशंटसमोर मराठीतच बोलायची, बाळंतपणाच्या डॉक्टर सुरुवातीला बुचकळ्यात पडल्या. आखूड तोंडाच्या कितीतरी जणी पुढे पूर्ण दिवस भरून बाळंत झाल्या. पल्लवी त्यांत नव्हती. ती आणि तिचा नवरा कामासाठी नागपूरकडे गेले असं ऐकलं. पुढच्या वेळी ती कोणाकडे गेली, तिला कोणी काय सांगितलं, मला माहीत नाही.

त्या दुपारचं थोडं राहिलंय. शेवंताबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या.

"बाई, तुमी मशीनीवर तिचं तोंड पाह्यलं होतं का? नागपूरले तिच्या तोंडावर पट्ट्या होत्या, नळ्या होत्या. आमाले नीट दिसलंच नाही. गेल्यावर गुंडाळून देलं."

"पाह्यलं होतं," मी म्हटलं. "ओठ पाहावेच लागतात. ओठ तिचे चांगले होते, कुठं फाटलेले नव्हते."

"अन्?"

 मग वाटलं, हे तरी तिचं आहे, तिला द्यावं. "जांभई देली होती तिनं."

"जांभई?"

"हो. चांगली मोठी. लेकरं देतात पोटात. तेच पाहून तं मले हासू आलं होतं."

शेवंताबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. क्षणभर त्या हसल्याच, नातीच्या जांभईला आजी हसते तशा. मग ते हसू तिथंच थांबलं आणि त्या माझ्याकडे पाहू लागल्या.

"मंग हासल्या काहून नाही, बाई?"

उत्तर म्हणजे आंबागडच्या म्हाताऱ्यांची ती गंमत. पेढे, वेटिंग रूम, सगळं. शेवंताबाईंना ते सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.